घरातील तरुणाचा तीव्र मानसिक आजार: शुभंकरांनी काय करावे

मानसिक आजाराच्या संदर्भात मराठीत दोन चांगले शब्द रुळले आहेत: आजारी व्यक्तीसाठी ‘शुभार्थी’ आणि तिची काळजी वाहणाऱ्यासाठी ‘शुभंकर’. ‘रुग्ण’ आणि ‘नातेवाईक’ या जोडीपेक्षा ते मला अधिक अचूक वाटतात, कारण शुभार्थी दवाखान्यात महिन्यातून अर्धा तास असतो आणि उरलेला सगळा महिना घरात असतो. हा लेख त्या उरलेल्या महिन्याविषयी आहे. माझा धाकटा भाऊ विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनियाने आजारी पडला, त्याला आता चौदा वर्षे झाली. आम्ही केलेल्या चुका आणि त्यांतून हळूहळू बसलेली घडी, या दोन्हींचा आधार पुढील मजकुराला आहे. बायपोलर आजार (कधी अतिउत्साहाचा उन्माद, कधी खोल नैराश्य) किंवा भ्रमांसह येणारे तीव्र नैराश्य असलेल्या घरांनाही यातले बरेचसे लागू पडेल.

सुरुवात कशी ओळखावी

स्किझोफ्रेनियाची लक्षणे पुरुषांत बहुधा किशोरवयाच्या अखेरीपासून पंचविशीपर्यंत आणि स्त्रियांत त्यानंतर काही वर्षांनी दिसू लागतात; बायपोलर आजाराची सुरुवातही बऱ्याचदा याच सुमारास होते. अडचण अशी की हेच वय घरापासून अंतर राखण्याचे असते. खोलीचे दार बंद ठेवणे, रात्र रात्र जागणे, अभ्यासावरून मन उडणे, घरच्यांशी तुटक बोलणे हे सारे निरोगी तरुणांतही आढळते, आणि त्यामुळे ‘वय आहे, निघून जाईल’ असे म्हणता म्हणता सहा महिने, वर्ष सहज निघून जाते. आमचे गेले.

एखाद्या सुट्या लक्षणावरून काही ठरवता येत नाही. बदल कोणत्या दिशेने चालला आहे ते पाहावे लागते. मित्र एकेक करून सुटत जातात, अंघोळ आणि कपडे यांच्याकडे दुर्लक्ष होऊ लागते, अन्नात काही मिसळले असल्याचा संशय येतो, एकट्याने पुटपुटणे किंवा हसणे सुरू होते, बातम्यांतून वा फोनमधून आपल्यालाच संदेश दिले जात आहेत असे वाटू लागते. बायपोलर आजारातील उन्मादात चित्र उलटे असते: दोन-तीन तासांच्या झोपेनंतरही थकवा नसतो, बोलणे थांबत नाही, पैसा पाण्यासारखा जातो आणि एका रात्रीत भव्य योजना आखल्या जातात. असे बदल दोन-तीन आठवडे एकत्र दिसत असतील तर मनोविकारतज्ज्ञांना भेटण्यासाठी आणखी वाट पाहू नये. सायकोसिस, म्हणजे वास्तवाशी असलेला धागा तुटण्याची अवस्था, उपचारांविना जितकी लांबते तितकी नंतरची सुधारणा अवघड होते. थायरॉईडचे विकार, अपस्मार, मेंदूचा दाह आणि नशेचे पदार्थ यांमुळेही अशी लक्षणे उद्भवू शकतात, म्हणून शारीरिक तपासण्या टाळू नयेत. गांजाचे नियमित सेवन, विशेषतः कोवळ्या वयात सुरू झालेले, सायकोसिसचा धोका वाढवते. त्याबद्दल डॉक्टरांना सांगताना घराण्याची अब्रू मध्ये आणू नये.

ज्या दिवशी शंका येईल त्याच दिवशी एक वही सुरू करावी. तारीख, झोपेचे तास, जेवण, घेतलेले औषध आणि लक्षात राहिलेली घटना, एवढे पुरे. त्यात विशेषणे लिहू नयेत. ‘आज फार विचित्र वागला’ या वाक्याचा डॉक्टरांना काही उपयोग नसतो. ‘रात्री तीन वाजता उठून घरातले सगळे प्लग काढले, भिंतीतून माणसे बोलतात म्हणाला, चाळीस मिनिटे जागचा हलला नाही’ याचा असतो. वहीचा दुसरा फायदा नंतर कळतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षी जुनी पाने चाळताना, आजार बळावण्यापूर्वी दर वेळी काय घडत होते हे दिसू लागते. माझ्या भावाच्या बाबतीत झोप दोन तासांनी घटणे आणि कानाला सतत हेडफोन लावून बसणे, ही जोडी प्रत्येक वेळी आठ-दहा दिवस आधी आली होती. आमच्यापैकी कोणालाही ते वहीशिवाय आठवले नसते.

आईवडिलांचा दोष

हा भाग लवकर उरकलेला बरा. १९४८ साली फ्रीडा फ्रॉम-राइखमन या मनोविश्लेषक विदुषीने आईच्या वागण्यातून स्किझोफ्रेनिया जन्मतो अशा अर्थाची कल्पना मांडली आणि पुढची दोन-तीन दशके असंख्य आयांनी त्याची शिक्षा भोगली. ही कल्पना पुढे पुराव्यापुढे टिकली नाही. आयुष्यात केव्हातरी हा आजार होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे १०० पैकी एकाहून किंचित कमी असते. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला तो असेल तर ती १०० मध्ये सुमारे १० होते, म्हणजे तरीही ९० जण त्यातून सुटतात. एकाच जनुकांची जुळी भावंडे घेतली तरी एकाला आजार असताना दुसऱ्याला तो निम्म्याहून कमी वेळा होतो. यात जनुके आहेत, गर्भावस्थेतील आणि नंतरच्या आयुष्यातील घटना आहेत, आणि बराचसा योगायोग आहे. आमची आई मात्र अजूनही भावाच्या बारावीच्या वर्षी आपण फार रागावलो होतो हे सांगत बसते. तिला आकडे सांगून उपयोग होत नाही. तिला वही लिहायला दिली, त्याचा झाला.

वाद घालू नये, होकारही देऊ नये

शुभंकरांना सर्वांत जास्त थकवणारी गोष्ट भास किंवा भ्रम नसून ‘मला काहीही झालेले नाही’ हे वाक्य असते. घरचे त्याला हट्टीपणा समजतात. प्रत्यक्षात आजाराची जाणीव नसणे हे अनेकदा आजाराचेच लक्षण असते. शरीराची डावी बाजू लुळी पडूनही आपल्याला काही झालेले नाही असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या मेंदूविकाराच्या रुग्णांसाठी जोसेफ बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरांनी १९१४ मध्ये एक शब्द घडवला होता, ‘अ‍ॅनोसोग्नोसिया’; स्किझोफ्रेनियातील याच अवस्थेसाठीही तो वापरला जातो. हे एकदा नीट उमगले की ‘तू आजारी आहेस हे आधी मान्य कर’ ही अट आपोआप गळून पडते. माझ्या मते घराने सर्वांत आधी सोडून द्यावी अशी हीच गोष्ट आहे. कबुली न देताही माणूस औषध घेऊ शकतो, डॉक्टरांकडे येऊ शकतो, नोकरी करू शकतो.

मग बोलायचे कसे? शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे तो म्हणाला, तर ‘काहीतरीच काय, ते बिचारे कशाला ठेवतील’ असे म्हणून काही साधत नाही, कारण भ्रम म्हणजे युक्तिवादाने न हलणारी समजूत; युक्तिवादाने हलली असती तर तिला भ्रम म्हटलेच नसते. उलट पुराव्यांवर पुरावे दिले की आपणही त्या कटात सामील आहोत अशी शंका बळावते. दुसरीकडे, त्याला बरे वाटावे म्हणून ‘हो, मलाही तसेच वाटते’ असे म्हणणे ही फसवणूक आहे आणि ती पुढे अंगाशी येते. मधली वाट भावनेची आहे. ‘सतत कोणीतरी पाहते आहे असे वाटत असेल तर किती भीती वाटत असेल. मला तसे काही जाणवलेले नाही, पण तुला झोप लागत नाही हे मला दिसते आहे. झोपेसाठी काही करता येते का पाहू या.’ या तीन वाक्यांत त्याची भीती मान्य केली आहे, स्वतःचे मत एकदाच आणि न रागावता सांगितले आहे, आणि दोघांनाही पटेल असा एक प्रश्न सापडला आहे. बहुतेकदा तो प्रश्न झोपेचा असतो. कधी डोकेदुखीचा, कधी एकाग्रतेचा, कधी ‘लोकांनी मला सोडून द्यावे’ या इच्छेचा. माझा भाऊ पहिल्या दोन वर्षांत ‘मेंदूला विश्रांती मिळावी’ म्हणूनच औषध घेत होता. आमच्या वडिलांना ते खोटे वाटे. मला ते पुरेसे वाटे.

भासातले आवाज ऐकू येत असताना आपण बोललेले अर्धे त्याच्या कानावर पडत नाही, म्हणून वाक्ये छोटी ठेवावीत आणि उत्तरासाठी थांबावे. अगदी समोर उभे राहू नये, शेजारी बसावे. घरातील दोघातिघांनी मिळून समजावू नये. ती समजावणी राहत नाही, घेराव होतो.

डॉक्टरांकडे नेताना

खोटे सांगून नेऊ नये. ‘माझी तपासणी आहे, सोबत चल’ असे म्हणून नेलेला तरुण एकदा येतो आणि मग वर्षानुवर्षे विश्वास ठेवत नाही. येण्यास तो मुळीच तयार नसेल तर शुभंकरांनी आधी एकट्याने जाऊन सल्ला घ्यावा.

अठरा वर्षांवरील व्यक्तीच्या उपचारांची माहिती डॉक्टर तिच्या परवानगीशिवाय घरच्यांना देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मात्र डॉक्टरांनी काही सांगायचे नसले तरी त्यांनी ऐकून घ्यायला कोणतीही आडकाठी नसते. वहीतून एका पानाचे टिपण काढावे: बदल कधी सुरू झाला, आता काय दिसते, आधी कोणती औषधे कोणत्या मात्रेत किती आठवडे दिली, कशाने त्रास झाला, घराण्यात कोणाला असा आजार होता का. एकच पान द्यावे. पाच पाने कोणी वाचत नाही. टिपण दिल्याचे भावाला किंवा मुलीला सांगून ठेवावे, म्हणजे नंतर ते चोरी म्हणून उघडकीस येत नाही.

औषधांविषयी

क्लोरप्रोमाझिन हे पहिले सायकोसिसविरोधी औषध १९५२ मध्ये वापरात आले. आजची बहुतेक औषधे त्याच्याप्रमाणेच मेंदूतील डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर काम करतात. अस्वस्थता आणि झोप यांत काही दिवसांत फरक पडतो, पण भ्रम ओसरण्यास आठवडे लागतात, त्यामुळे योग्य मात्रेत चार ते सहा आठवडे झाल्याशिवाय औषध ‘लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. बोलणे कमी होणे, उत्साह नसणे, चेहरा निर्विकार होणे या लक्षणांवर ही औषधे फारशी चालत नाहीत. म्हणून आवाज थांबल्यावरही मुलगा दिवसभर पडून राहतो, तेव्हा तो आळशी झालेला नसतो.

दुष्परिणाम हे औषध सोडण्याचे मोठे कारण असते आणि शुभार्थी ते नीट सांगू शकत नाही, म्हणून काही गोष्टी स्वतः पाहाव्यात. पायांना एका जागी न राहवणे, सतत येरझाऱ्या घालणे ही आजाराची नव्हे तर औषधाची अस्वस्थता असू शकते. ती असह्य असते आणि तिच्यावर उपाय असतो. मान एकाएकी वाकडी होणे, डोळे वर फिरून राहणे हे दिसले तर तातडीने दवाखाना गाठावा, तिथे ते लवकर आटोक्यात येते. तीव्र ताप, अंग ताठ होणे आणि शुद्ध हरपत जाणे ही त्रयी दुर्मीळ पण जीवघेणी असते. वजन, रक्तशर्करा आणि चरबी यांची मोजणी औषध सुरू करतानाच करून घ्यावी. बायपोलर आजारासाठी लिथियम घेणाऱ्याने पाणी आणि मीठ अचानक कमी करू नये, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नयेत आणि रक्तातील प्रमाण ठरलेल्या वेळी तपासावे. उलट्या, हातांना मोठा कंप, अडखळते बोलणे किंवा तोल जाणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तरुण स्त्रीला याच आजारासाठी व्हॅल्प्रोएट हे औषध लिहून दिले असेल तर गर्भावरील त्याच्या गंभीर परिणामांबद्दल स्पष्ट विचारावे, लग्न झालेले असो वा नसो.

बरे वाटू लागले की औषध बंद करण्याची इच्छा होते, आणि ती घरच्यांनाही होते. पहिल्या झटक्यातून सावरलेल्यांच्या १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पाच वर्षांत सुमारे ८० टक्के जणांचा आजार पुन्हा उलटला, आणि औषध बंद करणाऱ्यांत ही जोखीम जवळजवळ पाचपट होती. म्हणून मात्रा कमी करायचीच असेल तर ती डॉक्टरांसह आणि अत्यंत सावकाश कमी करावी. रोजच्या गोळीवरून रोज भांडण होत असेल तर दोन आठवडे, महिना किंवा तीन महिने टिकणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारावे. माझ्या अनुभवात त्याचा खरा लाभ असा की ‘गोळी घेतलीस का?’ हे वाक्य घरातून नाहीसे होते. अन्नात गुपचूप औषध कालवणे हा मात्र उपाय नव्हे. ज्याला जेवणात विष असल्याची भीती आहे, त्याची भीती आपण खरी करून दाखवतो.

दोन औषधे पुरेशा मात्रेत आणि पुरेसा काळ देऊनही सुधारणा नसेल, आणि सुमारे एकतृतीयांश शुभार्थींच्या वाट्याला ही स्थिती येते, तर क्लोझापिन या औषधाचे नाव आपणहून काढावे. पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटण्याच्या शक्यतेमुळे त्यासाठी नियमित रक्ततपासणी लागते आणि त्यामुळे ते अनेकदा वर्षानुवर्षे लांबणीवर पडते, परंतु इतर औषधे निष्प्रभ ठरलेल्यांत त्याचा उपयोग होतो हे १९८८ पासून सिद्ध आहे. ते घेणाऱ्याने धूम्रपान अचानक सोडले तर रक्तातील औषधाचे प्रमाण वाढते, हेही ठाऊक असावे.

घरातला सूर

१९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की रुग्णालयातून आईवडिलांकडे वा जोडीदाराकडे परतलेले रुग्ण अधिक वेळा पुन्हा आजारी पडतात. पुढील संशोधनातून त्यामागच्या तीन गोष्टी स्पष्ट झाल्या: टोचून बोलणे, मनात राग धरणे, आणि अतिकाळजीने प्रत्येक गोष्टीत गुंतून राहणे. अशा घरांत आजार उलटण्याचे प्रमाण शांत घरांच्या दुपटीहून अधिक आढळले. तिसरी गोष्ट वाचून मी थबकले होते, कारण पहिल्या दोन वडिलांच्या वाटल्या आणि तिसरी सरळ माझी होती. यातून आजार घरामुळे होतो असा अर्थ निघत नाही. तापलेल्या सुरात तो लवकर उलटतो, एवढाच निघतो. संशोधकांना असेही दिसले की आठवड्याला ३५ तासांहून कमी समोरासमोरचा सहवास असला तर ताणलेल्या घरांतही धोका कमी राहतो. शुभार्थी आणि शुभंकर दोघांनीही घराबाहेर पडण्यासाठी याहून चांगले कारण नसावे.

व्यवहारात याचा अर्थ असा: तक्रार स्वभावाबद्दल न करता कृतीबद्दल करावी, आणि एका वेळी एकच करावी. ‘तू घराचा उकिरडा केलास’ याऐवजी ‘सिगारेटची थोटके या डब्यात टाक’. नियम मोजके असावेत, पण ते सर्वांनी पाळावेत: मारहाण नाही, घरात नशा नाही, रात्री अमुक वेळेनंतर मोठा आवाज नाही. उन्मादाचे झटके येत असतील तर बँकेचे कार्ड आणि मोठ्या व्यवहारांची व्यवस्था तो बरा असताना त्याच्याच संमतीने ठरवून ठेवावी.

संकटाची रात्र

‘जीव देण्याचा विचार येतो का?’ असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट एकट्याने वाहिलेले ओझे कोणापुढे तरी उतरते. स्किझोफ्रेनिया असलेल्या सुमारे ५ टक्के व्यक्तींचा मृत्यू आत्महत्येने होतो, आणि आजाराची पहिली वर्षे व रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे आठवडे सर्वांत जोखमीचे असतात. ज्या दिवशी घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात तोच हा काळ. साठवलेल्या गोळ्या, कीटकनाशके, धारदार वस्तू घरातून हलवाव्यात. उत्तर ‘हो’ असेल, किंवा मरायला वा मारायला सांगणारे आवाज येत असतील, तर त्याला एकटे न सोडता तातडीच्या सेवेशी संपर्क साधावा.

मानसिक आजार असलेली व्यक्ती हिंसा करण्यापेक्षा हिंसेची बळी अधिक वेळा ठरते, पण उपचार थांबलेले असताना आणि नशा केलेली असताना घरातल्यांना धोका असू शकतो आणि तो नाकारू नये. अशा वेळी दरवाजा अडवून उभे राहू नये, टीव्ही बंद करावा, लहान मुलांना दुसरीकडे पाठवावे, आणि आवाक्याबाहेर जात असेल तर स्वतः बाहेर पडून मदत बोलवावी. पोलीस येणार असतील तर ‘हा मानसिक आजार आहे, हातात शस्त्र आहे किंवा नाही, मोठ्या आवाजाने तो घाबरतो’ हे आधीच सांगावे. फोन क्रमांक, औषधांची यादी आणि मागील कागदपत्रे एका पिशवीत दाराजवळ तयार ठेवावीत, कारण त्या क्षणी काहीही आठवत नाही.

भावंडे आणि पुढची वर्षे

शुभंकराची झोप, त्याची स्वतःची औषधे, त्याची नोकरी या चैनीच्या गोष्टी नाहीत. एकच माणूस सगळे करत असेल तर तो तीन-चार वर्षांत आजारी पडतो. पाळ्या लावाव्यात, इतर शुभंकरांच्या गटात जावे. भावंडांविषयी मात्र थोडे अधिक लिहिते. घरात एक मूल आजारी पडले की दुसरे आपोआप ‘शहाणे’ ठरते आणि त्याला कोणी काही विचारत नाही. ‘आमच्या माघारी ताई आहेच’ हे वाक्य मी पाहुण्यांसमोर अनेकदा ऐकले. मला विचारून ते कधीच बोलले गेले नव्हते. मी नाही म्हटले नसते, पण काय करू शकेन आणि काय नाही हे तरी सांगितले असते. आईवडिलांनी हा विषय साठीच्या आत काढावा: राहण्याची सोय, पैशांची व्यवस्था, कायदेशीर कागद, डॉक्टर कोण, कोणत्या औषधाने त्रास झाला होता. आणि तो काढताना ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तो खोलीत असावा.

आमच्या घरी हे बोलणे अकराव्या वर्षी झाले. भाऊ तेव्हा वर्षभर स्थिर होता. वडील यादी वाचत होते. त्याने वही ओढून घेतली आणि शेवटच्या पानावर स्वतःच्या अक्षरात लिहिले: ‘झोप सहा तासांच्या खाली गेली तर दोन दिवस मला काही बोलू नका. तिसऱ्या दिवशी ताईने डॉक्टरांना फोन करावा. मी नको म्हटले तरी करावा. बाबांनी खोलीत येऊ नये.’ खाली त्याने सही केली आणि तारीख घातली. गेल्या तीन वर्षांत ते पान आम्ही दोनदा वापरले.